टिकटिक खरी, आकडा जपून: गायगर काउंटर किट, बेळगाव ते कारवार

बोटभर लांबीची काचेची नळी, तिच्याखाली पंजात मावणारा बोर्ड, एक बझर आणि तीन पिना. ऑनलाइन किरणोत्सर्ग मोजायचं ‘गायगर काउंटर किट’ म्हणून जे मिळतं ते एवढंच. विकणारे वेगवेगळे, खोकी वेगवेगळी, पण आतला बोर्ड बहुतेक एकाच नमुन्याचा आणि नळी जे३०५ नाहीतर एम४०११. सुट्टीत कारवार, गोकर्ण किंवा आंबोली उतरून मालवण-वेंगुर्ल्याला जाणाऱ्या आणि ‘काळी वाळू म्हणजे किरणोत्सर्गी’ असा मेसेज कधीतरी वाचलेल्या सीमाभागातल्या माणसाला ते घ्यावंसं वाटणं साहजिक आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी मुलंही ते मागतात.

आधी निकाल. एका जागेची दुसऱ्या जागेशी तुलना करायची असेल तर किट पैसे वसूल आहे. एखाद्या जागी वर्षाला किरणोत्सर्गाचा नेमका किती डोस मिळतो हे त्यावरून सांगायला गेलात तर तोंडघशी पडाल. आणि तब्येतीच्या दृष्टीने सगळ्यात आधी ज्याची चौकशी करायला हवी तो घरात साठणारा किरणोत्सर्गी रेडॉन वायू, तो या नळीला दिसतच नाही. हे तिन्ही मान्य असेल तरच मागवा.

खोकं उघडल्यावर

नळी बसवताना ती मधोमध काचेला धरून दाबू नका. बोर्डवरच्या क्लिपा फ्यूजच्या क्लिपांसारख्या ताठ असतात आणि नळीची काच पातळ. दोन्ही टोकांच्या धातूच्या टोप्या अंगठ्यांनी एकाच वेळी दाबायच्या. क्लिप फारच घट्ट वाटली तर नळी बाजूला ठेवून आधी क्लिपच चिमट्याने किंचित सैल करा. धन टोकाची खूण नळीवर आणि बोर्डवर जुळली पाहिजे. उलटी बसली तर मोजणी वेडीवाकडी येते आणि नळीचं आयुष्यही घटतं.

तीन पिनांपैकी एकीवर ‘व्ही-इन’ असं छापलेलं असतं. नाव वाचून त्यात वीज देऊ नका. ती बाहेर येणाऱ्या पल्सची, म्हणजे प्रत्येक टिकटिकीच्या विजेच्या ठोक्याची, पिन आहे. बहुधा पल्स आर्डुइनोच्या (मोजणी करणाऱ्या छोट्या संगणक-बोर्डच्या) इंटरप्ट पिनकडे ‘इन’ होतो म्हणून हे नाव पडलं असावं, पण फसवं आहे ते आहेच. पाच व्होल्ट, ग्राउंड आणि पल्स अशी नावं तिन्ही पिनांना मार्करने लिहून ठेवा. आर्डुइनो उनोवर पल्सची तार दोन नंबरच्या डिजिटल पिनला जाते आणि मोजणी सिग्नल खाली पडताना करायची.

विजेचा एक घोळ जवळजवळ प्रत्येकाला भोवतो. पॉवर बँक लावली की किट अर्ध्या मिनिटात बंद पडतं आणि बोर्ड खराब निघाला असं वाटतं. बोर्ड इतका कमी करंट ओढतो की पॉवर बँकेला काही जोडलंय हेच कळत नाही आणि ती झोपी जाते. त्यापेक्षा चार रिचार्जेबल पेन्सिल सेल एका होल्डरमध्ये घाला. ४.८ व्होल्ट मिळतात, तेवढे पुरतात. घरी मोबाईलच्या स्वस्त चार्जरवर चालवलं तर चार्जरचा गोंगाट पल्स म्हणून मोजला जाण्याची शक्यता असते. मोबाईल फोनही नळीपासून हातभर लांब. कॉल लागताना फोन जो झटका सोडतो त्याने खोट्या टिकटिकी येतात.

बोर्डसोबत जो नमुना प्रोग्राम दिलेला असतो तो बहुधा १५ सेकंद मोजतो आणि चारने गुणून ‘मिनिटाला इतके’ असं दाखवतो. त्यामुळे पडद्यावरचा आकडा १६, ३२, २४, ४० असा उड्या मारत राहतो आणि बघणारा घाबरतो. त्यातला कालावधी १५,००० मिलिसेकंदांऐवजी ६,००,००० करा, म्हणजे दहा मिनिटं, आणि चारने गुणण्याऐवजी दहाने भागायला लावा. उड्या बऱ्याच थांबतील.

व्होल्टेज: इथे बहुतेक किटं अडकतात

नळीला ३८० व्होल्टच्या आसपास लागतात. बोर्डवर एक बारीक पोटेन्शिओमीटर असतो, त्याने ते कमी-जास्त होतात. साधा मल्टिमीटर लावून बघितलं तर दीडशे-दोनशे व्होल्ट दिसतात, माणूस स्क्रू फिरवत सुटतो आणि नळीवर प्रत्यक्षात पाचशेच्या वर चढवून बसतो. दोष मीटरचा नाही. मल्टिमीटरचा आतला रोध १० मेगाओहम असतो. ३८० व्होल्टला तो ३८ मायक्रोअँपिअर ओढतो आणि या बोर्डचा सप्लाय तेवढं देऊ शकत नाही, म्हणून प्रोब टेकताच व्होल्टेज कोसळतं. उपाय साधा आहे: १०० मेगाओहमचे दहा रेझिस्टर एकापुढे एक जोडून एक गिगाओहमची माळ करायची आणि ती मल्टिमीटरच्या लाल प्रोबला लावायची. मीटर जे दाखवेल त्याला १०१ ने गुणायचं. ३.८ दिसले तर नळीवर ३८४ व्होल्ट. माळेला बोटं लावू नका. झटका जीवघेणा नसतो, पण बोटांचा घाम रेझिस्टरवर बसला की माळेचाच रोध घटतो आणि मोजमाप चुकतं.

याहून भरवशाची परीक्षा पठाराची. नळीजवळ एक ठरावीक स्रोत ठेवा (कुठला ते पुढे येतंय), व्होल्टेज ३०० पासून वीस-वीसने वाढवत न्या आणि दर पायरीला पाच मिनिटं मोजा. आधी काहीच नाही, मग मोजणी झपकन चढते, मग बराच वेळ जवळजवळ सपाट राहते, मग पुन्हा चढायला लागते. सपाट भागाच्या मध्यावर थांबा. सपाट भाग सापडलाच नाही आणि मोजणी चढतच राहिली तर नळी जुनी किंवा सदोष आहे. ती परत करा, व्होल्टेज वाढवून तिला दामटू नका.

खानापूर-जांबोटीकडचा पावसाळा आणि कारवारची खारी हवा या दोन्हींत बोर्डवर आणखी एक दुखणं उद्भवतं. डाग देताना उरलेला फ्लक्स दमट हवेत पाणी धरतो आणि ४०० व्होल्ट त्यावरून झिरपायला लागतात. लक्षण असं: सकाळी मोजणी ठीक, दुपारी घटलेली, नाहीतर मधूनच टिकटिकींचा पाऊस. मेडिकलमधला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन नळीच्या क्लिपांभोवतालचा भाग घासा, तासभर सुकू द्या, मग नेलपॉलिशचा पातळ हात मारा. क्लिपांच्या आतल्या बाजूला मात्र नेलपॉलिश जाऊ देऊ नका. एसी गाडीतून थेट किनाऱ्यावर किट बाहेर काढलं तर गार बोर्डवर दव धरतं. पिशवीतच वीस मिनिटं राहू द्या.

सीपीएम ते मायक्रोसिव्हर्ट

नळी फक्त मोजते. मिनिटाला किती टिकटिकी, म्हणजे सीपीएम. मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे शरीराला मिळणारा डोस, हा आकडा प्रोग्रामने एका गुणकाने गुणून काढलेला असतो, आणि हा गुणक कोणी कुठून उचलला हा वादाचा विषय आहे. समजा मिनिटाला २५ आले. ०.००६५ हा गुणक घेतला तर ताशी ०.१६ मायक्रोसिव्हर्ट. त्याच नळीसाठी ०.००८१२ हाही गुणक प्रोग्रामांत सर्रास आढळतो, त्याने ०.२०. आणि रशियन एसबीएम-२० नळीचा ०.००५७ चुकून राहिला असेल तर ०.१४. वाळू तीच, टिकटिक तीच, तीन वेगळे डोस. शिवाय हे गुणक सीझियम-१३७ च्या ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट गॅमासारख्या (एक्स-रेसारख्या भेदक) किरणांना धरून काढलेले असतात. कमी ऊर्जेच्या किरणांना उघडी नळी जास्त प्रतिसाद देते आणि बीटा किरण, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन, काचेतून घुसले तर तेही गॅमा समजून मोजले जातात. वहीत सीपीएम लिहा, नळीचा नमुना लिहा, मायक्रोसिव्हर्ट कंसात ठेवा.

आणखी एक गोष्ट फार थोडे लोक लक्षात घेतात. २५ पैकी सगळे काही जमिनीतून येत नाहीत. काही वैश्विक किरणांचे, काही नळीच्या स्वतःच्या काचेतले. हे वेगळे काढायची जुनी युक्ती म्हणजे पाणी. हिडकल किंवा नविलतीर्थच्या जलाशयात फायबरच्या होडीत, काठापासून शंभरेक मीटर आत, चांगल्या खोल पाण्यावर एक तास मोजा. खालची जमीन पाण्याने झाकली गेली, उरलं ते जवळजवळ सगळं आकाशाचं आणि नळीचं. लाइफ जॅकेट घाला, वारा नसलेली सकाळ निवडा, आणि होडी बारमाही चालवणारा माणूस बरोबर असू द्या.

याने काय फरक पडतो ते उदाहरणाने बघा. समजा पाण्यावर १५, बेळगावच्या मैदानात २५ आणि किनाऱ्यावर ४० सीपीएम आले. वरवर बघितलं तर किनारा दीडपट-पावणेदोनपट. पाण्यावरचे १५ वजा केले तर बेळगावची जमीन १०, किनारा २५. म्हणजे जमिनीचा वाटा अडीचपट. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंच, त्यामुळे किनाऱ्यावर वैश्विक किरणांचा वाटा आणखी थोडा कमीच. तेव्हा किनाऱ्याची वजाबाकी शक्यतो समुद्रात किंवा खाडीत होडीतूनच करा.

आता टिकटिकींची मोजणी किती काळ? किरणोत्सर्गाच्या घटना घड्याळाच्या काट्यासारख्या येत नाहीत, पत्र्यावर पावसाचे पहिले थेंब पडतात तशा येतात. एकूण मोजणीचं वर्गमूळ ही तिची नैसर्गिक चूक. एका मिनिटात २५ म्हणजे पाच इकडे-तिकडे, वीस टक्के. दहा मिनिटांत २५० म्हणजे १६, सहा टक्के. तासात १,५०० म्हणजे ३९, तीन टक्क्यांच्या आत. घरी दहा मिनिटांत २६० आणि किनाऱ्यावर ३१० आले तर फरक ५०, आणि दोन्हींची मिळून चूक २४. एवढ्यावर कोणाला सांगायला जाऊ नका. तोच फरक तासभराच्या मोजणीतही टिकला, म्हणजे १,५६० विरुद्ध १,८६०, तर फरक ३०० आणि चूक ५८. आता बोला. एका मिनिटाचा व्हिडिओ काढून ‘बघा किती वाढलं’ म्हणणाऱ्यांचं काय चुकतं ते यात आलं.

तपासायला पोटॅश

किट चालू आहे का, कालच्यासारखंच चालतंय का, हे बघायला परवान्याचा स्रोत लागत नाही. उसाला घालतात ते लाल पोटॅश, पोत्यावर ०-०-६० लिहिलेलं, चिकोडी-अथणीकडच्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं. त्यात निम्मं वजन पोटॅशियमचं असतं, आणि नैसर्गिक पोटॅशियमच्या प्रत्येक ग्रॅममध्ये पोटॅशियम-४० मुळे सेकंदाला सुमारे ३१ विघटनं होतात. म्हणजे एक किलो पोटॅशची सक्रियता १५ हजार बेक्वेरेलच्या (सेकंदाला एक विघटन म्हणजे एक बेक्वेरेल) आसपास. घाबरू नका, ७० किलोच्या माणसाच्या अंगातही पोटॅशियममुळे चार हजारांवर बेक्वेरेल असतात.

एक किलो तोलून दोन पॉलिथिन पिशव्यांत घाला, कारण ते हवेतलं पाणी ओढतं. पिशवी चपटी करून पसरा, वर एक सेंटिमीटर जाडीचे लाकडी ठोकळे दोन बाजूंना ठेवा आणि त्यावर किट. नळी प्रत्येक वेळी त्याच उंचीवर, त्याच जागी. अर्धा तास पोटॅशवर, अर्धा तास पोटॅश दुसऱ्या खोलीत नेऊन. दोन्हींतला फरक वहीत लिहा. प्रवासाच्या आदल्या दिवशी आणि परतल्यावर तोच फरक मोजणीच्या चुकीच्या आत आला तर मधल्या सगळ्या मोजण्यांवर विश्वास ठेवता येतो. आला नाही तर किनाऱ्यावरचे सगळे आकडे बाजूला ठेवा, कितीही सनसनाटी असले तरी. १९-१९-१९ सारखी मिश्र खतं यासाठी घेऊ नका. त्यात पोटॅश कमी असतं.

पावसाळ्यात आणखी एक गंमत फुकट मिळते. कोरड्या दिवसांनंतरची जोरदार सर थांबली की लगेच मोटारीचं बॉनेट टिश्यू पेपरने पुसा, पेपर प्लास्टिकमध्ये गुंडाळून नळीवर ठेवा आणि दहा-दहा मिनिटांचे तुकडे करून मोजा. मोजणी आधी वाढलेली दिसेल आणि दोन-तीन तासांत मूळ पदावर येईल, अर्ध्या तासाच्या आसपास निम्मी होत होत. हवेतल्या रेडॉनपासून झालेली शिसं-२१४ (अर्धायुष्य २७ मिनिटं) आणि बिस्मथ-२१४ (२० मिनिटं) पावसाने खाली धुऊन आणलेली असतात. म्हणूनच पावसानंतर तीन तासांत कुठल्याही जागेची पार्श्वमोजणी, म्हणजे स्रोत नसतानाची नेहमीची मोजणी, करायची नाही.

किनाऱ्यावर

नळी काचेची असल्याने कडक उन्हात प्रकाशामुळेच खोटे पल्स येऊ शकतात. मोजणी वाढली की आधी नळीवर हात धरून सावली करा. आकडा पडला तर तो सूर्य होता. नळीवर काळी इन्सुलेशन टेप एक थर गुंडाळून टाका आणि पोटॅशची परीक्षा टेपसकट पुन्हा घ्या, कारण टेप थोडे बीटा अडवते.

किट जमिनीपासून एक मीटर उंचीवर, बांबूला किंवा कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडला बांधून. माणसाने दोन पावलं बाजूला उभं राहायचं. एकाच गावात निदान सहा जागा घ्या: भरतीची ओली रेघ, तिच्या वरची कोरडी वाळू, सुरूच्या झाडांखालचा वाळूचा उंचवटा, गावातला रस्ता, घराची मधली खोली, घराची भिंत. घर टाळू नका, कारण माणूस दिवसाचा बहुतेक वेळ छपराखाली असतो. वार्षिक डोस काढताना रीतीप्रमाणे ८० टक्के वेळ घरात धरतात. ओल्या वाळूवर मोजणी कमी येते, पाणी किरण अडवतं. आणि एक काळा पट्टा सापडला म्हणून अख्खा किनारा तसा समजू नका. लाटा जड खनिजं वेगळी करून पट्ट्यांत टाकतात आणि पावसाळ्यानंतर पट्टे जागा बदलतात.

काळ्या वाळूबद्दल एवढं नक्की: रंग काही सांगत नाही. रत्नागिरीकडची काळी वाळू दख्खनच्या बेसाल्टातून आलेली, तिच्यात इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही लोखंडाची खनिजं, आणि बेसाल्टात युरेनियम-थोरियम मुळातच कमी. नळी तिथे फारशी हलणार नाही. गोवा ओलांडून कारवारकडे आलात की खडक बदलतो, ग्रॅनाइट आणि नाइस हे जुने दगड लागतात, तेव्हा तिथे गृहीत काही धरू नका, मोजा. खरा थोरियमवाला मोनाझाइट केरळात चवऱ्याला, तामिळनाडूत मनवलकुरिचीला, ओडिशात छत्रपूरला आणि आपल्या कर्नाटकात मंगळूरजवळ उळ्ळालला नोंदला गेला आहे. दहापट भिंगाखाली मोनाझाइटचे कण मधासारखे पिवळट-तपकिरी, गोलसर दिसतात. इल्मेनाइट काळं, चकचकीत. साध्या चुंबकाला मॅग्नेटाइट पटकन चिकटतं, इतर दोन्ही नाहीत. मोनाझाइट हा अणुऊर्जेच्या कायद्याखाली विहित, म्हणजे सरकारी नियंत्रणातला, पदार्थ आहे, तेव्हा पिशव्या भरून वाळू घरी आणू नका.

किनाऱ्याला जायच्या आधी घरच्या भागातच सराव करा. बेळगाव-खानापूरकडचा जांभा, गोकाकचा वालुकाश्म, निपाणीकडचा काळा पाषाण (बेसाल्ट) आणि इलकलच्या गुलाबी ग्रॅनाइटची फरशी, चौघांवर तासतासभर. गुलाबी ग्रॅनाइट काळ्या पाषाणापेक्षा जास्त देतो, कारण त्यात पोटॅशियमवालं फेल्डस्पार असतं आणि युरेनियम-थोरियमही बेसाल्टापेक्षा जास्त. किटने हा फरक दाखवला नाही तर किनाऱ्यावर ते काही दाखवेल ही आशा सोडा.

आकड्याचा तब्येतीशी संबंध

संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सर्ग समितीच्या हिशोबाने जगातल्या माणसाला निसर्गातून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. त्यातले १.२६ रेडॉन आणि त्याचाच भाऊबंद थोरॉन यांचे श्वासातून, ०.४८ जमीन आणि भिंतींचे गॅमा, ०.३९ वैश्विक, ०.२९ अन्नपाण्यातून. तुमचं किट यातले फक्त मधले दोन बघतं. सगळ्यात मोठा वाटा त्याच्या कक्षेबाहेर.

समजा किनाऱ्यावरच्या एखाद्या घरात नीट मोजून ताशी ०.१ मायक्रोसिव्हर्ट जास्त निघालं. पूर्ण वर्ष घरातच धरलं तर ८,७६० तास, म्हणजे ०.८८ मिलिसिव्हर्ट. पन्नास वर्षांत ४४. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोग एका सिव्हर्टला ५.५ टक्के कर्करोगाची जोखीम धरतो. डोस दुप्पट तर जोखीम दुप्पट, या सरळ रेषेने हजारात दोन-तीन जणांची भर. भारतात एरवीच आयुष्यभरात साधारण नवातल्या एकाला कर्करोग होतो असा राष्ट्रीय कर्करोग नोंदणीचा अंदाज आहे, म्हणजे हजारात एकशे दहाच्या वर. शिवाय १०० मिलिसिव्हर्टच्या खाली ही रेषा खरोखर अशीच जाते का, हे मोजून दाखवणं अतिशय अवघड असतं. नियमांसाठी ती सुरक्षित बाजूने धरलेली आहे.

याबाबत आपल्या देशातलाच एक मोठा अभ्यास हाताशी आहे. केरळच्या करुनागप्पळ्ळी तालुक्यात, मोनाझाइटच्या वाळूवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या ६९,९५८ माणसांचा सरासरी साडेदहा वर्षं मागोवा घेतला गेला. २००५ अखेर १,३७९ कर्करोग नोंदले गेले, आणि जास्त गॅमा डोस मिळालेल्यांत कर्करोग जास्त असल्याचं दिसलं नाही. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथल्या घराबाहेरचा डोस वर्षाला चार मिलिग्रेच्या (गॅमाच्या बाबतीत ढोबळमानाने मिलिसिव्हर्टइतकंच एकक) वर जातो अशा जागा भरपूर आहेत. कारवारच्या वाळूवर किटने दोनचार टिकटिकी जास्त केल्या म्हणून मच्छीमार वाड्यात घबराट पसरवण्याआधी हे आकडे समोर ठेवा.

रेडॉनचं तसं नाही. बंद घरात साठलेला रेडॉन फुप्फुसात अल्फा कण सोडतो. युरोपातल्या एकत्रित अभ्यासात दर १०० बेक्वेरेल प्रति घनमीटरला फुप्फुसाच्या कर्करोगाची जोखीम १६ टक्क्यांनी वाढलेली आढळली, आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला त्याचा प्रत्यक्ष फटका कितीतरी मोठा. बिडी-तंबाखूच्या निपाणी पट्ट्याला हे वेगळं सांगायला नको. जागतिक आरोग्य संघटना १०० ही मर्यादा सुचवते, जमत नसेल तर ३०० च्या वर नको म्हणते. रेडॉन मोजायला एलआर-११५ फिल्मचे छोटे कप तीन महिने घरात टांगून ठेवतात आणि नंतर प्रयोगशाळेत फिल्मवरची भोकं मोजतात. मंगळूर विद्यापीठात पर्यावरणीय किरणोत्सर्गावर काम करणारं केंद्र आहे, चौकशी तिथून सुरू करा. गायगर नळीच्या काचेतून अल्फा जात नाही, तेव्हा ‘घरात रेडॉन आहे का बघतो’ म्हणून किट घेऊ नका.

कैगाचं विचारणारे

जोयडा-कारवारकडे हा प्रश्न हमखास येतो. काळी नदीकाठी कैगाला २२० मेगावॉटच्या चार अणुभट्ट्या आहेत, सगळ्या जड पाण्याच्या. जनतेसाठीची मर्यादा निसर्गाच्या वर वर्षाला एक मिलिसिव्हर्ट, म्हणजे सतत धरलं तर ताशी ०.११ मायक्रोसिव्हर्ट, आणि कुंपणाबाहेरचा प्रत्यक्ष वाटा याच्या फारच खाली. गुणकातच पंचवीस-तीस टक्क्यांची शंका असलेल्या किटने तो पकडणं अशक्य. शिवाय जड पाण्याच्या भट्टीतून बाहेर पडणारं महत्त्वाचं द्रव्य ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सर्गी हायड्रोजन. त्याचा बीटा इतका दुबळा, जास्तीत जास्त १८.६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, की तो काच सोडाच, काही मिलिमीटर हवेतच संपतो. नोव्हेंबर २००९ मध्ये तिथल्या पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियम मिसळल्याचं उघड झालं ते कर्मचाऱ्यांच्या लघवीच्या तपासणीतून. नळी शेजारी ठेवली असती तरी ती शांत राहिली असती. ट्रिटियमसाठी पाण्याचा नमुना आणि द्रव सिंटिलेशन काउंटर लागतो.

घ्यायचं तर कसं

नळी काचेची नको असेल तर त्याच बोर्डवर एसबीएम-२० बसते का ते क्लिपांमधल्या अंतरावरून आधी बघा. ती स्टीलची, उन्हाला बधत नाही आणि ४०० व्होल्टला चालते, पण थोडी लांब आहे. गुणकही बदला. बजेट बरंच वाढवता येत असेल तर रेडिआकोड-१०२ सारखं स्फटिकाचं यंत्र बघा. एक घनसेंटिमीटर सीझियम आयोडाइडचा स्फटिक नळीच्या दहापटीहून जास्त मोजतो, त्यामुळे तासाचं काम पाच-सहा मिनिटांत होतं, आणि तो किरणांची ऊर्जाही सांगतो: आलेखात ५८३ आणि ९११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या शिखरांवरून थोरियमची विघटन-माळ, ६०९ वरून युरेनियमची, १,४६० वरून पोटॅशियम. वाळूत मोनाझाइट आहे की नुसता ग्रॅनाइटचा चुरा, हे टिकटिकींवरून ओळखता येत नाही, शिखरांवरून येतं. रेडॉन वायू आणि ट्रिटियम मात्र त्यालाही दिसत नाहीत.

किट वापरून झालं की सेल काढून ठेवा, नळी क्लिपेतच राहू द्या, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून बंद करा. पुड्यांचे निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर गरम करून परत निळे करायचे. पोटॅशची पिशवी त्या डब्यात ठेवू नका. एकदा फुटली की क्षार बोर्डवर पसरतो, आणि मग मोजणी कशामुळे वाढली हे शोधण्यात महिना जातो.